उसना गळा

बायडाबाईचा गळा रोज सकाळी सात वाजता सातासमुद्रापलीकडून यायचा. बाकीची बाई घरातच असायची. खिडकीपाशी, उशांना टेकून, डोळे दाराच्या चौकटीवर लावून. हात निजलेले, पाय निजलेले, जीभ निम्मी निजलेली. आजार मज्जातंतूंचा होता. त्यात माणूस आत टक्क जागं राहतं आणि अंगातला एकेक स्नायू, पेठेतली दुकानं बंद होत जावीत तसा, फळी लावून घेतो.

सारिका, तिची एकुलती एक लेक, ओल्या फडक्यानं आईचं तोंड पुसायची, केस विंचरायची, आणि मग गळ्याभोवती बोटभर रुंदीची मऊ पट्टी गुंडाळायची. समोरच्या टॅबवर वाघेरीच्या लोकवाचनालयाची वेबसाइट उघडायची आणि त्यातलं आईचं पान. पानावर एक छोटं चाक गरगर फिरायचं. चाक थांबलं की गळा आला.

"आलीस का गं आई?"

"हाय… हितंच हाय. कुटं जाती?"

आवाज तोच. किंचित घोगरा, शेवटाला वर उचललेला. सारिका वाचनालयात कारकून होती आणि वेबसाइटही तीच सांभाळायची. तालुक्यातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवून साइटवर घालायचं काम वाचनालयानं काढलं होतं, तेव्हा सगळ्यात जास्त ओव्या निघाल्या त्या तिच्याच आईच्या पोटातून. चाळीस तास बायडाबाई गात होती, बोलत होती, मध्येच कुणाची तरी उणीदुणी काढत होती. आजार त्यानंतर आला. ते चाळीस तास हाताशी होते म्हणून आवाजाचा ठसा घेता आला.

ठसा घेणं हल्ली अवघड राहिलेलं नव्हतं. अवघड होता तो गळा. माणसानं बोलायचं मनात आणलं की ओठ हलोत न हलोत, गळ्याच्या स्नायूंत विजेची बारीक थरथर उठते. मांजराच्या मिशीएवढी. पट्टी ती थरथर टिपते. पण कुठली थरथर म्हणजे 'पाणी' आणि कुठली म्हणजे 'पोरी', हे ओळखून त्या शब्दाला बायडाबाईचा ठसा द्यायचा, तोही बोलता बोलता, हे गणित फार मोठं. परदेशातल्या कुणा जाणत्या मंडळींनी ते एका जावास्क्रिप्ट लायब्ररीत, म्हणजे कुणालाही उसनं नेता येईल अशा कोडच्या गाठोड्यात, बांधून सगळ्या जगासाठी खुलं ठेवलं होतं. सारिकानं आपल्या साइटसाठी एक मॉड्यूल लिहिलं, त्याला नाव दिलं 'बोलकं पान', आणि त्यात एका ओळीत त्या बाहेरच्या लायब्ररीचा पत्ता घातला. पान उघडलं की टॅब त्या पत्त्यावर धावायचा, लायब्ररी घेऊन यायचा, आणि आई बोलायला लागायची.

वाचनालयाच्या अध्यक्षांना हे कळलं तेव्हा ते भर बैठकीत म्हणाले होते, "अहो सारिकाताई, आपली एवढी भरलेली लायब्ररी असताना बाहेरची लायब्ररी कशाला मागवता? कपाटं कमी पडली का?"

सारे हसले. सारिकानं त्यांना विरजणाचा दाखला दिला. दूध आपलं, भांडं आपलं, पण विरजण रोज शेजारणीकडून वाटीभर आणायचं, तसं हे. शेजारीण चांगली आहे, नाही म्हणत नाही.

पत्त्याच्या शेवटी लायब्ररीची कुठली आवृत्ती हवी त्याचा आकडा घालायची पद्धत असते. सारिकानं आकडा घातला नव्हता. 'सगळ्यात नवी असेल ती,' एवढंच लिहिलं होतं. दर वेळी नवा आकडा कोण शोधत बसणार? आणि नवं ते चांगलंच असणार, असं तिला वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

*

गेल्या काही महिन्यांत बायडाबाईच्या बोलण्याला भोकं पडायला लागली होती. "पोरी… … उन… … वढ." मग पोरीनं ओळखायचं, ऊन अंगावर येतंय, पडदा ओढ. थरथर क्षीण होत चालली होती. डॉक्टर म्हणाले, हे असंच होत जाणार. सारिका मान हलवून घरी आली आणि भोकं ओळखायला शिकली. माणूस कशालाही शिकतं.

मग मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी चाक फिरून थांबलं, आणि सारिका गॅसवर चहा ठेवायला वळली, तोच मागून आवाज आला. सलग. एक भोक नाही.

"म्हायेरी मूळ धाडू, वाट आंब्याच्या राईची,
बंदू येईल मुराळी, ओल डोळ्यांत आईची."

सारिकाच्या हातातला चहाचा डबा तसाच राहिला. वर्ष झालं होतं आईच्या तोंडून अख्खी ओवी ऐकून. ही ओवी तर तिनं कधीच ऐकली नव्हती, त्या चाळीस तासांतही नव्हती.

"आई! पुन्हा म्हण की गं!"

आई तिच्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी होतं, पण तिच्या डोळ्यांत हल्ली पाणी असायचंच, पापण्यांचे स्नायूही थकले होते. सारिकानं ते पाणी पुसलं आणि तिला ओवीचा अर्थ एकदम अंगावर आल्यासारखा कळला. बंदू. निवृत्तीमामा.

मामाचं आणि आईचं बावीस वर्षं बोलणं नव्हतं. कारण सारिकाचंच लग्न. आपल्याकडे लग्नाला मामाला मूळ धाडावं लागतं. म्हणजे घरचं माणूस जातं, अक्षता हातात देतं, चला म्हणतं. मामा उभा राहिल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही. सारिकाच्या वडिलांना घाई होती. त्यांनी मोबाईलवर पत्रिकेचा फोटो धाडला, खाली लिहिलं, 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे.' मामांनी तसं समजलं नाही. "मूळ आलं न्हाई, मी येत न्हाई," म्हणाले, आणि खरंच आले नाहीत. अंतरपाटामागं सारिकाच्या पाठीशी शेजारचे काका मामा म्हणून उभे राहिले. बायडाबाईनं त्या दिवशी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. फक्त पुढं कधी ओवीत 'बंदू' हा शब्द आला की ती ओवीच गाळायची. जमवाजमवीच्या वेळी सारिकानं विचारलं होतं, "आई, भावाच्या ओव्या नाहीत का गं तुझ्याकडं?" तर म्हणाली होती, "व्हत्या. सांडल्या."

आणि आज आई स्वतःच्या तोंडानं मूळ धाडू म्हणत होती.

*

मामांची कान्हरवाडी डोंगराच्या पलीकडे. सारिका गुरुवारी रजा टाकून सकाळच्या एसटीनं गेली. फोन करायचा नाही, हे तिनं पक्कं ठरवलं होतं. पदराखाली अक्षतांची पुडी होती.

मामा अंगणात मेंढरू कातरत बसले होते. पंचाहत्तरी उलटलेली, तरी मेंढराचे पाय गुडघ्यात घट्ट धरलेले. विजेवरची कातरणी घरंघरं करत होती.

"कोन गं?"

"मी सारिका, मामा. बायडाबाईची."

कातरणी थांबली. मेंढरू निम्मं उघडं, निम्मं लोकरीत, तसंच पडून राहिलं.

"बायडी गेली?"

"नाही, नाही! आईनं तुम्हांला मूळ धाडलंय."

मामांनी तिच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "फोनवर?"

"मी स्वतः आलेय न्हवं समोर?"

"हां. मग ठीक हाय." त्यांनी हात धोतराला पुसले. "बावीस वर्सं लावली म्हशीनं. बोलती का अजून? लोक म्हंतात, वाचा गेली."

"यंत्रातनं बोलते. आवाज तिचाच."

"काय म्हनाली? तुजं नगं, तिच्या शब्दांत सांग."

सारिकानं ओवी म्हणून दाखवली. गाता गळा तिचा नव्हता, तरी म्हटली. 'ओल डोळ्यांत आईची' ऐकलं आणि मामांनी तोंड फिरवलं. बराच वेळ ते त्या मेंढराच्या कानाशीच काहीतरी करत राहिले.

"आमच्या आईचं डोळं सदा भरल्यालं असायचं," शेवटी म्हणाले. "चुलीच्या धुरानं म्हना, कशानं म्हना. हे तुला कुटनं ठावं असनार? हे बायडीच म्हनू जाने." त्यांनी अक्षतांची पुडी दोन्ही हातांत घेतली. "ऐतवारी येतो. सांग तिला."

परतीच्या गाडीत सारिकाला वाटत होतं, आयुष्यात एक काम तरी आपल्या हातून सरळ झालं.

*

शुक्रवारी दुपारी आईचा आवाज म्हणाला, "पानी दे गं लेकी, तान लागली जिवाला."

सारिकानं चमच्यानं पाणी ओठांशी नेलं. आईनं ओठ घट्ट मिटले. अजून तेवढं बळ तिच्यात होतं. पाणी हनुवटीवरून ओघळलं.

"अगं, तूच मागितलंस ना?"

"मागितलं गं माज्या बाई, लेक गुनाची माजी," आवाज गोड हसून म्हणाला. आईचे ओठ मिटलेलेच होते.

सारिका चमचा हातात धरून उभी राहिली. आवाज पाणी मागत होता आणि तोंड नको म्हणत होतं. दोन्ही आईचंच. ऐकायचं कुणाचं?

तिनं अन्वर मुलाणीला फोन लावला. शाळेत तिच्या बाकामागं बसायचा, आता पुण्यात वेबसाइटी बांधायचा. 'बोलकं पान' लिहिताना अडलं तिथं त्यानंच वाट दाखवली होती.

"आवृत्ती कुठली टाकलीयस?" त्यानं पहिलंच विचारलं.

"सगळ्यात नवी असेल ती."

"अगं ए शहाणे! आकडा नाही घातलास? दार उघडं टाकून झोपलीस की!" पलीकडे कळफलक वाजला. "थांब, वाचतो. हां. सोमवारी नवी आली. काय लिहिलंय बघ. वापरणाऱ्यांची तक्रार होती, माणसं तुटक बोलतात, घरच्यांना त्रास होतो. म्हणून आता जिथं थरथर पुरेशी नसेल तिथं लायब्ररी अंदाजानं वाक्य पुरं करते. त्या माणसाच्या जुन्या बोलण्याच्या धाटणीनं. आणि शक्यतो… आपुलकीचं."

"आपुलकीचं म्हणजे?"

"म्हणजे गोड. मरणाच्या वाटेवरच्या माणसानं शिवी दिलेली कुणाला आवडेल?"

सारिका खाली बसली. "अन्वर, मंगळवारची ओवी."

"कसली ओवी?"

तिनं सगळं सांगितलं. मूळ, मामा, अक्षता, रविवार. अन्वर म्हणाला, "थरथरीची नोंद साइटवर राहते. मंगळवारची काढ. मी जुनी आवृत्ती पाठवतो, तिच्यातून वाजवून बघू."

पाच मिनिटांत वाजवली. जुन्या गळ्यातून आई म्हणाली:

"म्हायेरी… मूळ… धाडू…"

आणि पुढं काही नाही. पडद्यावर थरथरीची रेघ सपाट जात होती, आणि तिच्यावर शेवटी तीन बारीक उंचवटे होते. स्थिर पाण्यात कुणी तीन खडे सोडावेत तसे.

"ते तीन काय आहे?" सारिकानं विचारलं.

"काहीही असेल. जुनी आवृत्ती म्हणते, ओळखता येत नाही. नवी म्हणते, आंब्याची राई."

सारिका पुटपुटली, "धाडू… धाडू नको."

"काय?"

"धाडू नको, असं असेल तर?"

दोघांनाही एकदमच कळलं होतं. आपल्या भाषेत नकार शेवटी येतो. 'म्हायेरी मूळ धाडू' इथपर्यंत बोलावणं असतं, आणि 'नको' लागलं की तेच वाक्य दार लावून घेतं. ज्याची शक्ती वाक्याच्या शेवटापर्यंत पुरत नाही, त्याचा पहिला काय सांडत असेल तर नकार. आणि ज्या कुणी दूर बसून ही लायब्ररी बांधली, त्याच्या भाषेत नकार कदाचित आधीच येऊन जात असेल. त्याला काय ठाऊक, वाघेरीतली बाई 'नाही' हा शब्द सगळ्यात शेवटी ठेवते?

"नको गं," अन्वर हळूच म्हणाला. "तीन अक्षरं, तीन खडे. बसतं खरं. पण सारिका, आवंढा गिळला तरी असेच तीन येतात. मी शपथेवर काही सांगू शकत नाही."

"मग मी काय करू?"

"मॉड्यूलमधल्या ओळीत जुना आकडा घाल. आई जेवढं बोलेल तेवढंच ऐकू येईल." मग म्हणाला, "नाहीतर रविवार होऊन जाऊ दे. मामा येतील, गोड बोलणं होईल, दोन म्हातारी माणसं रडतील. नंतर घाल आकडा. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल की."

"हो. तुला कळेल," अन्वर म्हणाला.

*

शनिवारी सारिकानं टॅब बंद करून बाजूला ठेवला आणि आईसमोर पाट मांडून बसली. एकदा पापणी मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही, असं त्यांचं पट्टीच्याही आधीपासून ठरलेलं होतं.

"आई, मंगळवारी ओवी म्हटलीस ती तू म्हटलीस?"

पापणी एकदा मिटली. हो.

सारिकाचा जीव भांड्यात पडला. पण खात्री म्हणून तिनं उलटंही विचारलं. "का ती यंत्रानं म्हटली?"

पापणी एकदा मिटली. हो.

"अगं, दोन्ही कसं? आधी तू, का यंत्र?"

एकदा. हो.

"मामांना बोलावायचं होतं तुला?"

आईनं डोळे मिटले आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले. ते हो होतं, की थकवा, की 'आता पुरे'? सारिका मोजत बसली आणि मोजणं चुकलं.

भाकरी थापताना तिला आठवलं. जात्यावर कधी एकटी बाई बसत नसे. समोर जोडीण असायची. पहिली ओळ एकीनं म्हणायची, दुसरी समोरचीनं उचलायची, खुंटा फिरत राहायचा. ओवी कुणाची म्हणून विचारलं तर दोघीही म्हणायच्या, माझी. आई त्या यंत्राला जोडीण तर समजत नसेल? तसं असेल तर दोन्ही 'हो' खरे. पण मग जोडिणीनं लावलेल्या ओळीवर भरवसा ठेवून कुणी डोंगर ओलांडून मूळ घेऊन जातं का? ते आपणच केलं. एवढं वेडं काम आईची लेकच करू जाणे. आता मामांना 'येऊ नका' म्हणून कळवावं, तर ते कळवायचं फोनवर! या विचारासरशी तिच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली.

रविवारी सकाळी तिनं मॉड्यूल उघडलं आणि त्या एका ओळीत जुना आकडा घातला. घालताना मनात पक्कं काहीच नव्हतं. हात पुढं गेला, एवढंच.

*

मामा अकरा वाजता आले. पांढरंधोट धोतर, नवी टोपी, हातात खणाची चोळी आणि शेवग्याच्या शेंगांची जुडी. वहाणा उंबऱ्याबाहेर काढल्या आणि आत येऊन बहिणीसमोरच्या खुर्चीवर अवघडून बसले. बावीस वर्षांपूर्वीची बाई शोधत होते बहुधा. सापडेपर्यंत वेळ लागला.

"बायडे, आलो गं. तू बलावलंस म्हनून आलो."

चाक फिरलं, थांबलं.

"ये रं माज्या बंदवा, वाट बगून डोळं शिनलं! किती वाळलास रं, खात-पीत न्हाईस का? बस असा, जवळ बस माज्या."

सलग. एक भोक नाही. मामांच्या खांद्यांतून हुंदका आला आणि त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली.

सारिका भिंतीला टेकली. आकडा तर घातला होता! मग लक्षात आलं. साइट उघडलेल्या पानाची तयार नक्कल साठवून ठेवते आणि साठवण साफ करीपर्यंत तेच पान पुढं करत राहते. फोन ठेवता ठेवता अन्वरनं बजावलंही होतं. ती विसरली होती. म्हणजे अजून नवाच गळा बोलत होता. साठवण साफ करायचं बटण तिच्या मोबाईलवर होतं. एक बोट लावायचा अवकाश.

न लावलं तर? मामा रडत होते. बरं रडत होते. आवाज म्हणत होता, "रडू नगं रं राजा, झालं गेलं गंगंला मिळालं." यात वाईट काय होतं? कुणाचं नुकसान होत होतं?

तिनं आईकडे बघितलं. आई भावाकडे बघत नव्हती. आई टॅबकडे बघत होती. परक्या घरी जेवायला बसलेली बाई वाढणारीच्या हाताकडे बघते, तशी. तिचा भाऊ हातभर अंतरावर बसून रडत होता, आणि त्याच्याशी दुसरंच कुणीतरी बोलत होतं, तिच्या आवाजात. तिला मध्ये शिरायला फट नव्हती.

सारिकानं बोट लावलं.

"घरातली मानसं कशी हायती रं, वैनीची तब्येत—" आवाज मध्येच तुटला. चाक फिरलं. पुष्कळ वेळ फिरलं. थांबलं.

"काय झालं?" मामा दचकले. "चांगली बोलत हुती की."

रेघ सपाट होती. मग उंचवटे आले, एकेक करून.

"म्या…"

आईचे डोळे टॅबवरून निघाले आणि भावाच्या तोंडावर येऊन थांबले.

"… बलावलं…"

मामा पुढं झुकले. "हां, हां. बलावलंस. म्हनून तर—"

"… न्हाई."

मामांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. सारिकाकडे वळले. "तू तर मूळ घिऊन आलीस. अक्षता दिल्यास हातात."

"मामा, मला वाटलं… आईनं निम्मं म्हटलं होतं. पुढचं यंत्रानं लावलं. का आईनं 'नको' म्हटलं होतं आणि ते ऐकू आलं नाही. मला खरंच कळत नाही. मी विचारलं तर दोन्हीला हो म्हणते." सारिकाला आपलंच बोलणं ऐकताना लाज वाटत होती. "आत्ता जे बोलत होतं ते आई नव्हती. आत्ता बोलली ती आई."

"म्हंजे मला मूळ धाडलं कुनी?"

"कुणी नाही, मामा. असेल तर मी."

मामा उठले. रागानं नाही. एसटीची वेळ झाल्यावर माणूस उठतं तसे. चोळी आणि शेंगा खुर्चीवरच ठेवल्या. उंबऱ्यापाशी गेले, एका पायात वहाण सरकवली. दुसरी पायानंच चाचपत होते, नजर खालती.

"… तरी…"

मामा थांबले. सारिकाही थांबली. रेघ सपाट झाली होती. नव्या गळ्यानं एवढ्यात दोन ओव्या रचल्या असत्या. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर आला आणि गेला.

"… आला."

न बोलावता तरी आला. मामांच्या तोंडावर हे वाक्य हळूहळू जुळत गेलं. बावीस वर्षांपूर्वी हेच त्यांना जमलं नव्हतं. ते एका पायात वहाण घालून तसेच उभे राहिले, आत यावं की निघावं ते कळेना.

"… दार… … लाव."

मामांनी सारिकाकडे बघितलं. सारिकानं मान हलवली, तिलाही कळलं नव्हतं. बहिणीचा थकलेला चेहरा काही सांगत नव्हता, फक्त डोळे रोखलेले होते.

"बायडे," मामा अडखळत म्हणाले, "आतनं लावू का भायेरनं?"

रेघ सपाट होती. एक बारीक उंचवटा आला आणि विरला. सारिकाच्या जिभेवर शब्द आला होता, तो तिनं दातांखाली धरला. मामा दाराच्या फळीला हात लावून उभे होते. मग एक मोठी थरथर उठली. गेल्या कित्येक दिवसांत एवढी मोठी उठली नव्हती. आणि बायडाबाईच्या घोगऱ्या, शेवटाला वर उचललेल्या आवाजात एकच शब्द आला, अख्खा.

"येड्या!"

मामांनी वहाण काढली.